सोयाबीन आणि आतड्याचा कर्करोग : एका अनुमानाची तपासणी

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची गाडी मोंढ्यावर जाते आणि तिच्या पट्टीतून दुसऱ्या सत्राची फी भरली जाते, असे आपल्यात कित्येक विद्यार्थी आहेत. सोयाबीन हे आपल्या ओळखीचे पीक आहे. त्याचा भाव, त्यावर पडणारी खोडमाशी, ऐन काढणीत येणारा पाऊस यांविषयी आपण तासन्‌तास बोलू शकतो. परंतु हा दाणा माणसाने खाल्ला तर शरीरात काय घडते, याविषयी आपले ज्ञान फार तोकडे असते.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतून आणि औषधांच्या दुकानांतील डब्यांवरून एक विधान अधूनमधून आपल्यासमोर येते : सोयाबीनमधील द्रव्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग टाळतात. हे विधान खरे मानावे काय? हा विज्ञान शाखेचा प्रश्न आहे, असे म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्याने तो बाजूला सारण्याचे कारण नाही. मुळात हा पुराव्याचा प्रश्न आहे. आणि पुरावा कशाला म्हणावे, अनुमान केव्हा शुद्ध असते व केव्हा फसते, हे तर आपण तर्कशास्त्राच्या तासालाच शिकतो. तेव्हा प्रस्तुत लेखात या विधानाची थोडी सावकाश तपासणी करावयाची आहे.

आतड्याच्या अस्तरात काय घडते?

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरात असंख्य सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. म्हणजे हे अस्तर सतत नवे होत असते. जिथे नकलून काढण्याचे काम अहोरात्र चालते तिथे नकलेत चुका होणारच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते किंवा चुकलेली पेशीच नाहीशी करते. क्वचित एखादी चूक टिकून राहते आणि ती पेशी गळून पडण्याऐवजी वाढतच राहते.

१९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन या अमेरिकन संशोधकांनी ही वाटचाल पायऱ्यापायऱ्यांची असते हे मांडून दाखविले. बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर एपीसी नावाचे जनुक बिघडते. पेशींच्या वाढीला लगाम घालणे हे या जनुकाचे काम. १९९१ मध्ये त्याची ओळख पटली. लगाम सुटला की अस्तरावर एक मांसल कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. परंतु काहींच्या पेशींत एकामागून एक आणखी जनुके बिघडत जातात आणि शेवटी कर्करोग होतो. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

हा दीर्घ काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२२ मध्ये जगात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने मृत्युमुखी पडली. रुग्णसंख्येत हा कर्करोग जगात तिसरा, तर मृत्यूंच्या संख्येत दुसरा आहे. पण जो रोग येण्यास दहा वर्षे घेतो, त्याला वाटेत अडविण्याची संधीही दहा वर्षे मिळते. ही वाट आहाराने अडविता येईल काय, या जिज्ञासेतूनच संशोधक सोयाबीनकडे वळले.

दाण्यातील द्रव्ये

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते, हे आपण ऐकलेले असते. त्याखेरीज अल्प प्रमाणात इतरही अनेक द्रव्ये असतात. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सोया आणि कर्करोग-प्रतिबंध या विषयावर तज्ज्ञांची एक बैठक घेतली. त्या बैठकीत अशा द्रव्यांचे पाच गट विचारार्थ पुढे आले : आयसोफ्लेव्होन, सॅपोनिन, फायटेट, वनस्पतिज स्टेरॉल आणि प्रथिने पचविणाऱ्या एन्झाइमांना अडविणारी द्रव्ये.

यांतील आयसोफ्लेव्होन सर्वांत प्रसिद्ध. त्यांपैकी जेनिस्टीन हे द्रव्य सोयाबीनमध्ये नव्हे, तर कापड पिवळे रंगविण्यासाठी युरोपात वापरल्या जाणाऱ्या जेनिस्टा नावाच्या झुडपात १८९९ मध्ये प्रथम सापडले आणि त्या झुडपावरून त्याला नाव मिळाले. त्याची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे शरीरातील ज्या ग्राहकांना इस्ट्रोजेन चिकटते, त्यांना जेनिस्टीनही, कमी जोराने का होईना, चिकटते. या ग्राहकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. आतड्याच्या अस्तरात त्यांपैकी दुसरा, म्हणजे 'बीटा' हा प्रकार अधिक असतो, आणि जेनिस्टीनचा ओढा नेमका त्याच्याकडे असतो. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी या द्रव्याचा आणखी एक गुण दाखविला. पेशीला 'वाढ' असा निरोप पोहोचविणारी काही एन्झाइमे असतात. जेनिस्टीन त्यांना अडविते.

दुसरे आयसोफ्लेव्होन म्हणजे डेडझीन. त्याची कथा अधिक चमत्कारिक आहे. काही माणसांच्या आतड्यातील जीवाणू डेडझीनचे रूपांतर इक्वॉल नावाच्या अधिक प्रभावी द्रव्यात करतात. इक्वॉल हे १९३२ मध्ये घोडीच्या मूत्रात प्रथम सापडले. घोड्याच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले. पण हे रूपांतर करणारे जीवाणू सर्वांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा माणसे इक्वॉल तयार करू शकतात; जपानात हे प्रमाण निम्मे किंवा त्याहून अधिक आढळते. याचा अर्थ असा की, दोन मित्रांनी एकाच ताटातील सोयाबीन खाल्ले तरी दोघांच्या रक्तात उतरणारी द्रव्ये एकसारखी असतीलच असे नाही.

१९९० च्या यादीत नसलेला आणखी एक गट पुढे आला : स्फिंगोलिपिडे. योहान थुडिखुम या रसायनज्ञाला मेंदूत सापडलेल्या एका द्रव्याचे कार्य उलगडेना, म्हणून त्याने १८८४ मध्ये ग्रीक पुराणकथेतील कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्याचे नाव ठेवले. त्याच कुळातील द्रव्ये सोयाबीनमध्ये आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ती लहान आतड्यात पूर्णपणे पचत नाहीत. त्यांचा काही भाग थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे जिथे रोग उद्‌भवतो तिथेच द्रव्य जाऊन पडते. औषध शोधणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

काचेच्या बशीतून उंदरापर्यंत

कोणत्याही द्रव्याची परीक्षा साधारणपणे चार पायऱ्यांनी होते. प्रथम प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर, मग उंदरांवर, मग माणसांच्या मोठ्या समूहाची वर्षानुवर्षे पाहणी करून, आणि अखेरीस माणसांवरच प्रत्यक्ष प्रयोग करून. प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळ्या वजनाचा असतो. पहिल्या पायरीवरील यश चौथ्या पायरीवरचे म्हणून सांगणे, ही वर्तमानपत्री आरोग्यलेखनातील नेहमीची गफलत आहे.

पहिल्या दोन पायऱ्यांवर सोयाबीनची कामगिरी खरोखर चांगली आहे. जेनिस्टीन घातले असता आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते आणि अनेक पेशी मरतात, हे अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे. स्फिंगोलिपिडांविषयीचे काम तर फळमाशीपासून सुरू झाले. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील मुलांच्या रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत ज्युली साबा आणि त्यांचे सहकारी फळमाशीतील स्फिंगोलिपिडांचा अभ्यास करीत असताना स्फिंगाडाइन या द्रव्यांकडे त्यांचे लक्ष गेले. हीच द्रव्ये सोयाबीनमध्येही आहेत. २००९ मध्ये त्यांनी असे प्रसिद्ध केले की, पेशीला जगण्याचा आदेश देणारे एकेटी नावाचे एक प्रथिन असते, आणि स्फिंगाडाइन त्या प्रथिनाला त्याच्या कामाच्या जागी पोहोचू देत नाही. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी मरतात. एपीसी जनुक जन्मतः बिघडलेल्या उंदरांच्या आतड्यात आपोआप पॉलिप उगवतात. अशा उंदरांना स्फिंगाडाइन दिले तेव्हा त्यांच्यात पॉलिप कमी झाले.

हे सारे आशादायक आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. काचेच्या बशीत जेनिस्टीनचे जे प्रमाण वापरले जाते ते सोयाबीन खाणाऱ्या माणसाच्या रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाच्या पुष्कळदा अनेक पट असते. आणि उंदराला दिलेले शुद्ध द्रव्य म्हणजे माणसाने खाल्लेली उसळ नव्हे. रक्तात न उतरणारी मात्रा बशीत यशस्वी झाली, तर त्यातून यंत्रणा कळते. माणसाला फायदा होईल हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

जपानी माणूस स्थलांतर करतो

आता माणसांकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग अमेरिकेच्या मानाने फार कमी होता. जपानी लोक टोफू, मिसो, नाट्टो या रूपांत रोज सोयाबीन खातात. अमेरिकन माणूस जवळजवळ खातच नाही. जपानी आहारातून दिवसाला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पोटात जातात. पाश्चात्त्य आहारातून ३ मिलिग्रॅमही जात नाहीत.

वंशामुळे असे घडते काय? या प्रश्नाचे उत्तर १९६८ मध्ये हेन्झेल आणि कुरिहारा यांच्या अभ्यासाने दिले. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण वाढून अमेरिकनांच्या जवळ गेले होते. वंश तोच, रक्त तेच. बदलले ते राहणीमान आणि ताट. म्हणजे या रोगामागे आहार-विहाराचा हात मोठा आहे, हे यातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले.

मग पुढची उडी सोपी वाटते : जपानी सोयाबीन खातो, त्याला रोग कमी, अमेरिकन खात नाही, त्याला जास्त, म्हणून सोयाबीनने रोग टळतो. पुष्कळ लेख इथेच थांबतात. आपल्याला मात्र इथेच प्रश्न विचारावयास हवा.

उपाधी म्हणजे काय?

न्यायशास्त्रात अनुमानाचे जुने उदाहरण आपण सर्वांनी पाठ केले आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान शुद्ध आहे, कारण धुराची अग्नीशी व्याप्ती आहे. परंतु हेच उलट केले आणि 'जिथे अग्नी तिथे धूर' असे म्हटले तर ते चुकते. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो अग्नीला ओल्या सरपणाची जोड मिळाली तरच. या ओल्या सरपणाला नैयायिकांनी 'उपाधी' असे नाव दिले. डोळ्यांसमोर दोन गोष्टी सोबत दिसत असतात, पण त्यांचे नाते तिसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असते आणि ती आपण हिशेबात घेतलेली नसते, ती ही उपाधी.

आधुनिक वैद्यकातील रोगप्रसाराचे शास्त्र रात्रंदिवस जिच्याशी झगडते ती हीच उपाधी होय. जपानी माणूस सोयाबीन खातो हे खरे. पण त्या काळात तो मांस कमी खात होता, मासे व भाज्या अधिक खात होता, अधिक चालत होता आणि सडपातळ होता. अमेरिकेला गेल्यावर यांतले सारेच बदलले. मग रोग वाढला तो सोयाबीन सुटल्यामुळे की मांस वाढल्यामुळे, की चालणे थांबल्यामुळे? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने खारवलेले, धुरावलेले वा अन्य प्रकारे टिकविलेले मांस हे आतड्याच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. म्हणजे यांतील एक उपाधी तर पुराव्यानिशी सापडलीच.

याहून मोठी साक्ष दोन ठिकाणांहून मिळते. पहिली खुद्द जपानमधून. जपानी माणसाने टोफू आणि मिसो सोडलेले नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढत गेला आणि आज तो त्या देशातील सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. दुसरी साक्ष आपली स्वतःची. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. देशातील ती पहिली अशी नोंदणी. त्या व पुढे सुरू झालेल्या अन्य नोंदण्यांवरून दिसते की, मोठ्या आतड्याचा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी आहे, जरी शहरांतून तो वाढतो आहे. आता सांगा, आपल्या आजोबा-पणजोबांनी कधी सोयाबीन खाल्ले होते? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे आणि पालेभाजी यांवर पिढ्या गेल्या. डेनिस बर्किट या शल्यवैद्याने १९७१ मध्ये आफ्रिकेतील ग्रामीण समाजांविषयी असेच दाखविले होते. त्यांच्यातही हा रोग विरळ होता आणि त्यांच्याही ताटात सोयाबीन नव्हते; चोथायुक्त अन्न मात्र भरपूर होते.

तीन समाजांत रोग कमी; त्यांपैकी दोघांच्या ताटात सोयाबीन नाही. म्हणजे रोग कमी असण्यासाठी सोयाबीन आवश्यक नाही, एवढे तर निश्चित झाले. अर्थात, यावरून सोयाबीन निरुपयोगी आहे असेही ठरत नाही. एकाच गावाला तीन रस्ते जात असू शकतात. सोयाबीन हा त्यांपैकी एक रस्ता आहे काय, हे पाहण्यासाठी समाजासमाजांची तुलना न करता माणसामाणसांची तुलना करावी लागते.

माणसामाणसांची तुलना

अशी एक मोठी पाहणी चीनमधील शांघाय शहरात झाली. ६८ हजारांहून अधिक स्त्रियांची आहाराविषयीची माहिती लिहून घेतली गेली आणि सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतला गेला. भाज्या, मांस, वजन, व्यायाम अशा उपाधी हिशेबातून शक्य तितक्या वेगळ्या काढल्या गेल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्वांत अधिक सोया खाणाऱ्या एक-तृतीयांश स्त्रियांत हा रोग सर्वांत कमी सोया खाणाऱ्यांच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला. हा फायदा मुख्यतः पाळी थांबलेल्या स्त्रियांत दिसला.

परंतु जपानमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या अशाच पाहणीत एकंदरीने स्पष्ट संबंध आढळला नाही. २०१० मध्ये तोवरच्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पुरुषांत फायदा दिसला नाही; स्त्रियांत मात्र धोका सुमारे एक-पंचमांशाने कमी दिसला. स्त्री-पुरुषांतला हा फरक नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेत पाळी थांबलेल्या स्त्रियांना संप्रेरके देऊन केलेल्या एका मोठ्या प्रयोगात, २००२ मध्ये, अन्य अपाय झाल्यामुळे प्रयोग थांबवावा लागला खरा. पण त्या स्त्रियांत आतड्याचा कर्करोग कमी आढळला होता. आतड्याच्या अस्तरातील इस्ट्रोजेनचे ग्राहक आणि इस्ट्रोजेनसारखे दिसणारे जेनिस्टीन यांची आठवण इथे व्हावी. दुवा जुळतो आहे. अजून पक्का झालेला नाही.

उरली ती शेवटची पायरी. पाहणीत एक अडचण कायम असते : सोया खाणे हे माणसाने स्वतः निवडलेले असते, आणि जो ते निवडतो तो इतरही चांगल्या गोष्टी निवडत असतो. ही उपाधी मुळापासून काढण्याचा एकच मार्ग आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे आणि कोणाला काय मिळते हे कोणालाही कळू द्यावयाचे नाही. अमेरिकेत ज्यांच्या आतड्यात पॉलिप आढळले होते अशा १५० स्त्री-पुरुषांवर असा प्रयोग झाला. वर्षभर एका गटाला आयसोफ्लेव्होनयुक्त सोया-प्रथिन आणि दुसऱ्याला आयसोफ्लेव्होन काढून टाकलेले सोया-प्रथिन देण्यात आले. २००५ मध्ये निष्कर्ष आला : आयसोफ्लेव्होनमुळे अस्तरातील पेशी वाढण्याचा वेग घटला नाही. एका वर्षाच्या, एवढ्याशा प्रयोगाने दहा वर्षांच्या रोगाचा निवाडा होत नाही, हे खरे. पण ज्या पायरीवर विधान सिद्ध व्हावयाचे त्या पायरीवर ते अद्याप उभे राहिलेले नाही, हेही तितकेच खरे.

गोळी आणि घास

आता कोणी म्हणेल, सिद्ध नसले म्हणून काय झाले? दुकानात आयसोफ्लेव्होनची गोळी मिळते. घेऊन पाहण्यात नुकसान ते कोणते? या प्रश्नाला इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवले आहे. गाजरासारख्या भाज्यांतील बीटा-कॅरोटिन ज्यांच्या आहारात अधिक त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असे पाहण्यांतून वारंवार दिसले होते. मग फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला तेव्हा सारे थक्क झाले. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्क्यांनी वाढला. गाजरात जे गुणकारी भासले ते गोळीत गुणकारी ठरले नाही. घासात शेकडो द्रव्ये अल्प मात्रेत एकत्र असतात. गोळीत एकच द्रव्य मोठ्या मात्रेत असते. दोन्हींना एकाच नावाने ओळखणे ही पुन्हा तर्काचीच चूक होय.

सोयाबीन अन्न म्हणून मात्र उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आहारात आणण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्यांविषयी लिहिले. १९३६ मध्ये बडोदे संस्थानातील फा. श्री. काळे यांनी सोयाबीनवर एक सविस्तर इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. त्या काळी कर्करोगाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने यावीत एवढाच हेतू होता. तो हेतू आजही जुना झालेला नाही.

उलट त्याची थोडी चेष्टाच झाली आहे, असे वाटते. आज महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सोयाबीन होते. हा दाणा मोंढ्यावरून तेल-गिरणीत जातो. तिथे तेल वेगळे होते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड उरते. आयसोफ्लेव्होन तेलात जवळजवळ उतरत नाहीत. ते पेंडीबरोबर जातात. ती पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा परदेशी रवाना होते. आपल्या घरी परत येतो तो तेलाचा डबा. म्हणजे ज्या द्रव्यांविषयी आपण एवढी चर्चा केली ती, सोयाबीन पिकविणाऱ्या घरात, सोयाबीनचे तेल रोज खाऊनही पोटात जात नाहीत. 'आम्ही तर सोयाबीनच खातो' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. दाणा खाल्ला पाहिजे, किंवा पेंडीच्या पिठापासून केलेल्या वड्या तरी.

दाणा कच्चा मात्र खाऊ नये. प्रथिने पचविणाऱ्या एन्झाइमांना अडविणारी जी द्रव्ये वर आली, ती कच्च्या दाण्यात भरपूर असतात आणि पचनात बिघाड करतात. उकळल्याने त्यांचा जोर बराच मोडतो. गव्हात थोडे सोयाबीन मिसळून दळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिथेही दाणा आधी पाण्यात उकळून, वाळवून मगच दळावा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोयाबीन यांच्या वेळांत अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना विचारावे.

जे आज निश्चित ठाऊक आहे

सोयाबीनविषयीचा निकाल लागावयाचा आहे. पण या रोगाविषयी काही गोष्टींचा निकाल केव्हाच लागला आहे, आणि त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. दारू, तंबाखू, लठ्ठपणा आणि बैठे जीवन यांनी धोका वाढतो. चोथायुक्त धान्य आणि रोजचे चालणे यांनी तो घटतो. पॉलिप वेळीच काढून टाकले तर कर्करोग टळतो. अमेरिकेतील एका अभ्यासात, १९९३ मध्ये, दुर्बिणीने तपासून पॉलिप काढलेल्या रुग्णांत हा रोग अपेक्षेपेक्षा तीन-चतुर्थांशाहून अधिक कमी झाल्याचे दिसले. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातील प्रयोगाने दाखविले की, दरवर्षी मलातील न दिसणाऱ्या रक्ताची साधी चाचणी केल्याने या रोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने कमी होतात. हा प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेला, ४६ हजारांहून अधिक माणसांवरचा होता. म्हणजे ज्या शेवटच्या पायरीवर सोयाबीन अजून पोहोचलेले नाही, तिथे ही साधी तपासणी केव्हाच पोहोचली आहे.

आणि इथेच आपल्याकडची एक सवय जीवघेणी ठरते. शौचातून रक्त जाऊ लागले की 'मूळव्याध असेल' म्हणून माणसे स्वतःच निदान करतात. लाजेपोटी घरातही सांगत नाहीत. गावातला झाडपाल्याचा वैद्य, मित्राने सुचविलेले मलम, तिखट बंद, असे करता करता वर्ष-दोन वर्षे निघून जातात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण मूळव्याधीलाही रक्त आणि कर्करोगालाही रक्त. नुसत्या रक्तावरून दोहोंतील भेद घरी बसून करता येत नाही. रक्त हे चिन्ह आहे, निदान नव्हे. धूर दिसला की अग्नी कशाचा आहे हे जवळ जाऊनच पाहावे लागते. शौचाच्या सवयीत आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना घटणारे वजन, रक्ताची कमतरता ही चिन्हेही तशीच. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल त्यांनी तर त्रास नसतानाही आपली तपासणी कोणत्या वयात सुरू करावी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

सारांश, सोयाबीन आतड्याचा कर्करोग टाळते असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. टाळू शकेल अशी शक्यता वाटावी इतका मात्र निश्चित आहे, आणि ती स्त्रियांच्या बाबतीत थोडी अधिक आहे. त्या शक्यतेसाठी गोळ्यांवर पैसे घालविण्याचे कारण नाही. घरच्या पोत्यातले दोन मुठी दाणे उकळून उसळ केली, तर प्रथिने तर नक्कीच मिळतील. आणखी काही मिळाले तर ते वरचे. येत्या सुट्टीत आपण गावी जाऊ तेव्हा आई-वडिलांना, काका-आत्यांना हा लेख वाचून दाखविण्याची गरज नाही. 'शौचातून कधी रक्त जाते का?' एवढा एक प्रश्न संकोच सोडून विचारावा, आणि उत्तर 'हो' आले तर त्यांना मूळव्याधीच्या मलमावर न ठेवता दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन जावे.